वहिनीला मिरगी आहे. चूल, विहीर, वावर सगळंच धोक्याचं वाटतंय, काय बदलावं?

संत्रावाला_काटोल

नमस्कार मंडळी. आमचं गाव काटोल तालुक्यात. घरची संत्र्याची बाग, बाकी थोडी पऱ्हाटी आणि तूर. मी बुटीबोरीला कंपनीत आहे, सुट्टीच्या दिवशी गावी जातो.

माझ्या वहिनीला मिरगी आहे. लग्नाआधी तिच्या घरच्यांनी सांगितलं होतं, लपवलं नव्हतं, म्हणून त्या विषयावर कोणी घसरू नये ही विनंती. गोळ्या चालू आहेत. मधे बरेच महिने काही झालं नाही, म्हणून सगळे निर्धास्त होते. बाळ झाल्यापासून पुन्हा फीट यायला लागली.

मागच्या महिन्यात आंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं. वहिनी पऱ्हाट्या आत सारायला वाकली आणि तिथेच फीट आली. डावा हात चुलीत. आई कोठ्यात शेण काढत होती, तिला जळका वास आला तेव्हा ती धावली. तोवर हात कोपरापर्यंत भाजला होता. आता नागपूरला नेऊन कातडी लावावी लागेल म्हणतात. (घरात गॅस आहे. पण सिलिंडर चहापाण्यापुरता आणि पाहुण्यांसाठी. पऱ्हाट्या फुकट असताना गॅस कायले जाळता, हे आमच्या बाबांचं अर्थशास्त्र.)

बाबांनी फर्मान काढलं आहे: वहिनीनं चुलीकडे जायचं नाही, विहिरीवर नाही, बागेत नाही, पोराला एकटीनं उचलायचं नाही. दिवसभर खोलीत. दादा काही बोलत नाही. परवा ती मला म्हणाली, "भाऊजी, मी आता करायचं तरी काय, सांगा ना."

डॉक्टर गोळ्यांचं सांगतात, पण आमचं घर, आमचं वावर त्यांनी पाहिलेलं नाही. मला घरात-शेतात करण्यासारख्या गोष्टी पाहिजेत. ज्यांच्या घरी हे आहे त्यांनी सांगावं.

---

अण्णा_महाल

फीट आली की चप्पल हुंगवायची, हातात लोखंडाची किल्ली द्यायची. आमच्या आजीच्या काळापासून आहे, आराम पडतो. कांदाही चालतो.

---

धानवाला_मौदा

अण्णा, आराम पडतो कारण फीट दोन-तीन मिनिटांत आपली आपणच थांबते. चप्पल हुंगवा नाहीतर अत्तर, थांबायची तेव्हाच थांबते. मला लोकांनी इतक्या चपला हुंगवल्या आहेत की माणूस कोणत्या दुकानातली घालतो ते वासावरून सांगू शकेन. तेवढ्या वेळात कोणी कुशीवर वळवलं असतं तर उपकार झाले असते.

संत्रावाले भाऊ, तुमच्यासाठी जरा सविस्तर लिहितो. मला मिरगी शाळेत असताना लागली, आता पन्नाशी ओलांडली. धानाची शेती आहे, बायको आहे, दोन पोरं शिकून मार्गी लागली. सीटी स्कॅनमध्ये माझ्या डोक्यात वाळलेली गाठ निघाली. आमचं घर माळकरी, अंडंही कधी शिजलं नाही, तरी पट्टकृमीची, म्हणजे पोटातल्या चपट्या जंताची, गाठ. त्याची अंडी मैल्यातून पाण्यात, भाजीपाल्यावर येतात आणि न धुतलेल्या भाजीतून कोणाच्याही पोटात जातात म्हणे. ते असो.

तुमच्या बाबांवर मी रागावत नाही, माझा बापही असाच घाबरला होता. मला त्यांनी पोहायला जाऊ दिलं नाही ते बरोबर होतं, पण शाळाही सोडवली. माझं म्हणणं एवढंच की माणसाला बांधून ठेवण्याआधी विहीर बांधा. फीट स्वतः निघून जाते, मोडतोड करते ती जागा. आणि जागा बदलता येते.

पाण्यापासून सुरू करतो, कारण मिरगीवाला माणूस पाण्यात बुडून मरायचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. सगळ्यांचं लक्ष विहिरीवर असतं. मी मरता मरता वाचलो ते बांधीत. रोवण्याचे दिवस, बांधीत घोट्याएवढं पाणी. हातात पऱ्ह्यांची जुडी होती एवढं आठवतं. मी तोंडावर पडलो. शेजारच्या ओळीतल्या बाईला वाटलं वाकून काही शोधून राहिला. मग तिला माझे पाय थडथडताना दिसले. तिनं केस धरून तोंड वर ओढलं, दुसरीनं तोंडातला चिखल काढला आणि दोघींनी मिळून मला धुऱ्यावर आणून कुशीवर टाकलं. शुद्धीवर आलो तेव्हा दाताखाली रेती करकरत होती. घोट्याएवढं पाणी, भाऊ! तेव्हापासून मी रोवणा करत नाही. धुऱ्यावरून पऱ्हे पोचवतो, मजुरांचा हिशेब ठेवतो, खत टाकतो ते पाणी उतरल्यावर. काम तेवढंच होतं.

तुमच्याकडे बागेला विहीर असेलच. कठडा नसेल तर कमरेच्या वरपर्यंत बांधा आणि तोंडावर लोखंडी जाळी टाका, मोटारीचा पाइप जाईल एवढी जागा ठेवून. खर्च येतो, पण ती जाळी तुमच्या बाळाच्याही कामाची आहे, बकरीच्याही. ठिबकासाठी शेततळं असेल तर ते विहिरीहून वाईट. प्लास्टिकचा उतार इतका निसरडा की चांगला पोहणाराही वर येत नाही. त्याला तारेचं कुंपण पाहिजेच, आणि काठावर दोर बांधून ठेवा.

आंघोळ. आमच्या न्हाणीला आतून कडी नाही, मी स्वतः काढून टाकली. दारावर टॉवेल टाकला की घरातल्यांना कळतं आत कोणी आहे. बसून, बादली-मग्यानं. टाकीत, कॅनलमध्ये, नदीत कधी नाही. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. आधी गरम ओतून ठेवलं आणि त्यातच पडलो तर? कपडे धुवायला नाल्यावर जायचं असेल तर सोबतीनं, आणि सोबतीणीला माहीत पाहिजे की हिला मिरगी आहे. नुसती सोबत असून भागत नाही.

चुलीचं तुम्ही पाहिलंच. जमिनीवरची चूल सगळ्यात वाईट, कारण माणूस तिच्यावर वाकतो आणि पडला की सरळ तिच्यात. बाबांचं अर्थशास्त्र बदलावं लागेल. हाताला कातडी लावायच्या खर्चात आणि येण्याजाण्यात किती सिलिंडर आले असते, हा हिशेब त्यांच्यासमोर मांडा. गॅस ओट्यावर, शक्यतो मागच्या बर्नरवर, कढईचा दांडा भिंतीकडे. आमच्याकडे भाताची पेज काढतात, ते गरम गंज उतरवायचं काम मी नाही करत, बायको करते. ताटं गंजाजवळ न्यायची, गंज ताटांजवळ आणायचा नाही. चूल ठेवायचीच असेल तर तिच्याभोवती गुडघ्याएवढी मातीची भिंत घाला, आणि वहिनी चुलीसमोर असताना दुसरं माणूस आंगणात पाहिजे. ती पोळ्या लाटेल, भाजी चिरेल, दुसरं कोणी भाजेल. घरात दोन बाया असताना एवढी वाटणी जमत नाही असं कोणी सांगू नये. थंडीतली शेकोटी, कोळशाची इस्त्री, चिमणी यांपासून हातभर लांब. आणि चुलीजवळ सिंथेटिक गाऊन, साडी नको, ती वितळून अंगाला चिकटते. सुती घाला.

आता एक गोष्ट जी कोणीच सांगत नाही: झोप. मला फीट बहुतेक वेळा जागरणानंतर येते. शेतीची लाइन, म्हणजे वीज, रात्रीची असली की माणूस रात्री मोटार चालू करायला जातो. म्हणजे झोप मोडलेली, अंधार, ओल, विहीर आणि करंट, सगळं एका जागी. मिरगीवाल्यानं रात्रीची लाइन पकडायला जाऊच नये. तुमच्या वहिनीचं रात्रीचं जागरण बाळामुळे आहे, त्यामुळेच फीट वाढल्या असतील असा माझा अंदाज, डॉक्टरला विचारा. दादाला रात्री एकदा उठायला लावा की!

आणि उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडे सगळा गाव स्लॅबवर झोपतो, आणि किती घरांच्या स्लॅबला कठडा असतो? फीट झोपेतही येते, उठल्या उठल्याही येते. खाली झोपा, कूलर लावा, गादी जमिनीवर. खाट असेल तर भिंतीला लावून, बुटकी. संत्र्याच्या तोडीला घोडीवर, शिडीवर चढायचं नाही. खाली बसून वर्गवारी करायची, ते जास्त कसबाचं काम आहे. कुटार मशीन, थ्रेशर, ट्रॅक्टरचा फिरता पट्टा, यांच्याजवळ नाही. फवारणी तर बिलकूल नाही. कित्येक कीटकनाशकांच्या विषबाधेनंच झटके येतात. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलं, आणि त्यांना तर मिरगी नव्हती.

गोळी. एक दिवसही चुकवायची नाही, बरं वाटतं म्हणून बंद करायची नाही. अचानक बंद केली तर फीटमागून फीट येत राहते आणि माणूस जातो. उपास धरला तरी गोळी घ्यायचीच. नवरात्रात किती बाया गोळी सोडतात! सरकारी दवाखान्यात स्टॉक संपतो, म्हणून पाकीट संपायच्या आठ दिवस आधी हालचाल करायची. आणि हे लक्षात ठेवा, गोळी जास्त झाली तरी माणूस पडतो. मला एकदा फेनिटॉइन या मिरगीच्या गोळीचा डोस वाढवला तर चाल दारुड्यासारखी झाली. गावात लोक म्हणाले, माळ घालून पिऊन राहिला. डोस कमी केल्यावर सरळ चालायला लागलो. झोकांड्या, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, असं काही असेल तर डॉक्टरला लगेच सांगा.

फार लांबलं. जेवायला बोलावून राहिले.

---

वॉर्डातली_सिस्टर

धानवाले काका, तुमचं लिहिणं आमच्या वॉर्डाच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे.

मी नागपुरात भाजलेल्यांच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलं. मिरगीच्या पेशंटचं भाजणं वेगळंच असतं. आपण तव्याला बोट लागताच हात मागे घेतो. फीटमध्ये हात मागे घ्यायला शुद्ध नसते, म्हणून जागा लहान असली तरी जखम खोल जाते. "एवढंसं तर आहे" म्हणून घरी हळद लावत बसू नका. भाजल्यावर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही. बांगड्या, अंगठी लगेच काढा. हात सुजला की मग कापाव्या लागतात, आणि आम्हाला तो आवाज नको वाटतो. धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्या.

हे फक्त आपल्याकडचं नाही. जगात मिरगीचे सुमारे ५ कोटी लोक आहेत आणि त्यातले जवळजवळ ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, म्हणजे जिथे चूल उघडी आणि विहीर उघडी. आफ्रिकेत काही भागांत लाळेतून मिरगी लागते असं समजतात. माणूस आगीत पडला तरी ओढून काढायला लोक कचरतात. चीनच्या खेड्यांत फेनोबार्बिटोनची साधी, स्वस्त गोळी देण्याचा मोठा कार्यक्रम झाला. तिथेही मिरगीच्या पेशंटच्या मृत्यूंत बुडणं आणि अपघात ठळक दिसले. गोळी नियमित मिळाली तर दहापैकी सातजणांच्या फीट थांबू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून कठडाही पाहिजे आणि गोळीही.

फीट आल्यावर काय करायचं ते घरात सगळ्यांना, शेजारच्या पोरांनासुद्धा शिकवा. आधी तिला आगीपासून, पाण्यापासून दूर ओढा. डोक्याखाली दुपट्टा, कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. चमच्यानं दात तुटतात, पाणी फुप्फुसात जातं. हातपाय दाबून धरायचे नाहीत, खांदा निखळतो. ५ मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता लगेच दुसरी आली, तर १०८ ला फोन. तुमचं गाव लांब असेल तर फीट थांबवणारा, नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे घरी ठेवता येतो का ते डॉक्टरांना विचारा.

फीटनंतर पेशंट झोपतो, ते ठीक. पण डोक्यावर पडली असेल, आणि अर्धा-पाऊण तास झाला तरी हाकेला ओ देत नसेल, उलट्या होत असतील किंवा एक बाजू ढिली वाटत असेल, तर ती मिरगीची झोप नाही, डोक्यात रक्त साचतंय अशी शंका घ्या. "नेहमी अशीच झोपते" म्हणून सकाळपर्यंत ठेवलेले पेशंट आमच्याकडे आलेले आहेत. फीटनंतर पाठीत खूप कळ राहिली तर एक्सरे काढा, झटक्यानं मणका दबू शकतो. जुन्या गोळ्यांनी वर्षानुवर्षांत हाडंही ठिसूळ होतात, ड जीवनसत्त्वाचं विचारून घ्या.

आता बाळाचं, कारण तुमच्या पोस्टमध्ये मला तेच सगळ्यात लागलं. पोर आईपासून काढून घेऊ नका. जमिनीवर सतरंजी घालून, भिंतीला टेकून बसून दूध पाजायचं, दोन्ही बाजूंना उश्या. कपडे, लंगोट बदलणं जमिनीवरच, पलंगावर नाही. अंघोळ घालताना दुसरं कोणी पाहिजेच, तिथे तडजोड नाही. कडेवर घेऊन पायऱ्या चढायच्या नाहीत आणि स्वयंपाकघरात जायचं नाही. एवढं पाळलं तर ती पोर सांभाळू शकते. बहुतेक गोळ्यांवर असताना दूध पाजता येतं, डॉक्टर सांगतील. आणि गोळी व्हॅल्प्रोएट असेल तर पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी डॉक्टरांना भेटा, त्यानं पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं. पण मनानं बंद करू नका.

---

अण्णा_महाल

चप्पल मागे घेतो. किल्लीचं काय पण?

---

वॉर्डातली_सिस्टर

किल्लीनं दवाखान्यात न्यायची गाडी चालू करा, अण्णा.

---

वकीलबाई_धरमपेठ

संत्रावाले, तुम्ही विषय काढू नका म्हणालात म्हणून एकच ओळ, तीही तुमच्या बाबांसाठी. मिरगीच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांचा उल्लेख हिंदू विवाह कायद्यातून १९९९ मध्ये काढून टाकला आहे. गावात अजून कोणी "मिरगी आहे, सोडचिठ्ठी मिळते" असं शिकवत असेल तर त्याला हे वर्ष सांगा.

---

संत्रावाला_काटोल

सगळ्यांचे आभार. दादाला आणि आईला सगळं वाचून दाखवलं. आई म्हणे, चुलीची भिंत मी उद्याच घालते, माती घरचीच आहे. बाबांना मी सिलिंडरचा हिशेब सांगितला. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी पाणी तापवायला गॅसवर ठेवलं होतं. विहिरीला कठडा आहे पण गुडघ्याएवढाच, तो मेला उलट अडखळायच्या कामाचा. मिस्त्रीला बोलावलं आहे. शेततळ्याचं आम्ही धरलंच नव्हतं. वहिनी रोज संध्याकाळी त्याच्याच काठानं बाळाला फिरवायची. आता अंगावर काटा येतो.

धानवाले काका, वहिनीनं विचारलं आहे की तुम्हाला फीट येणार हे आधी कळतं का?

दुसरं, दादा तिला स्कुटी शिकवणार होता, त्याचं काय?

---

धानवाला_मौदा

मला कळतं. पोटातून काहीतरी वर चढतं आणि तोंडाला पितळेची चव येते. तेवढ्यात दहा-बारा पावलं चालता येतात, कधी तेवढीही नाही. आलं की मी असेन तिथे खाली बसतो, पाण्याकडे पाठ करून. पुष्कळांना काहीच कळत नाही. वहिनीला येत असेल काही खूण, तर तिनं ती घरात सगळ्यांना सांगून ठेवावी, आणि खूण आली की हातातलं टाकून जमिनीवर बसायचं. दूध सांडलं, पोळी जळली तरी कोणी बोलायचं नाही.

स्कुटी नको. लायसन्सच्या अर्जातल्या फॉर्म १ मध्ये मिरगीचं सरळ विचारलेलं असतं, आणि खोटं लिहून कोणाचं भलं झालं नाही. मी सायकलही रस्त्यावर नाही चालवत. एसटीनं, ऑटोनं फिरतो, मागे बसून जातो. मागे बसताना बायको मला दुपट्ट्यानं स्वतःशी बांधत होती, ते बंद करायला लावलं. पडलो तर दोघं पडू.

---

वॉर्डातली_सिस्टर

फीट आली की दादाला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा, आधी कुशीवर वळवून मग. न्यूरोलॉजीच्या ओपीडीत डॉक्टरांना त्याचा दहा प्रश्नांपेक्षा जास्त उपयोग होतो. सोबत गोळ्यांची रिकामी पाकिटं आणा आणि कोणत्या तारखेला किती वाजता फीट आली, आदल्या रात्री झोप झाली होती का, ते एका वहीत लिहून आणा. काटोलहून येताय तर सकाळच्या पहिल्या गाडीनंच निघा, नंबर लवकर लागतो. आणि वहिनीला सोबत आणा. पेशंट घरी ठेवून नुसत्या फाइली घेऊन येणारे फार असतात.